लाल शाईची तारीख

अर्कान्सासमधल्या त्या कोंबड्यांच्या कारखान्यात वॅन्डा क्रूगर सव्वीस वर्षं कामगारांची कागदपत्रं सांभाळत होती. कुणाच्या कागदाची मुदत कधी संपते, ते ती भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल शाईनं लिहून ठेवायची. त्या दिवशी नवा कागद टेबलावर आला नाही, की माणूस घरी. या काटेकोरपणाचा तिला नको तेवढा अभिमान होता.

एका गुरुवारी तिथे एउलालिया तोमासचं नाव होतं. ग्वाटेमालाहून आलेली, अकरा वर्षं मांस कापत उभी राहिलेली बाई. दर नाताळात वॅन्डासाठी केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमाले आणायची.

"नव्या ग्रीन कार्डाचा अर्ज टाकलाय, मिस वॅन्डा," ती म्हणाली. "आणि मी तर इथली कायमची. कार्ड संपलं, मी कुठे संपलेय?"

"मी ओळखते गं तुला. पण नियम मला मोडता येत नाही. कार्ड आलं की ये."

एउलालियानं एप्रनची घडी घालून टेबलावर ठेवली आणि गेली.

चार महिन्यांनी कंपनीच्या वकीलबाई कारकुनांना शिकवायला आल्या. "हंगामी परवाना संपला, तर नवा कागद बघायचाच. पण ग्रीन कार्डवाल्याचं कार्ड नोकरीला लागताना एकदा पाहिलंत, की झालं. पुढे ते संपलं तरी मागायचं नाही. मागणं हीच चूक."

वॅन्डाला एउलालियाची घडी घातलेली एप्रन आठवली. संध्याकाळीच साहेबांचं पत्र घेऊन ती एउलालियाच्या घरी गेली.

"तुला परत बोलावलंय," दारातच ती म्हणाली. "चूक माझी होती. तुझं कार्ड मी मागायलाच नको होतं."

एउलालियानं तिला बसायला खुर्ची दिली. "नोकरीबरोबर कारखान्याचा आरोग्यविमा गेला ना, तेव्हापासून माझा नवरा मातेओ पैसे वाचवायला हृदयाच्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागला. मला सांगितलंच नाही त्यानं. मार्चमध्ये गेला."

वॅन्डाला रडू फुटलं.

एउलालिया उठली, फडताळातून नवं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "त्याच्या दफनानंतर आठवड्यानं आलं. बघून घ्या."

आणि वॅन्डानं, डोळे पुसता पुसता, आधी मुदतीची तारीख पाहिली.