दोन नावांच्या गावचे काका

घरचा फोन आला की शेरझाद काका आधी बूट घालायचे आणि मगच फोन हातात घ्यायचे. ऑफिसात आल्या आल्या टेबलाखाली बूट काढून ठेवायची त्यांची सवय. एसीच्या गारठ्याने आम्ही शाली लपेटून बसायचो आणि हा गृहस्थ उघड्या पायांनी फरशीवर खुशाल. पण मोबाईलवर इराकचा नंबर उमटला की चेहरा उतरायचा. वाकून बूट चढवायचे, नाड्यासुद्धा बांधायचे. तोवर फोन वाजून बंद पडलेला असायचा, मग उभं राहून स्वतः उलटा लावायचे. एकदा मी चिडवलं, "काका, बूट घालून काय फोनमधून धावत जाणार आहात?" ते हसले नाहीत. "बहेन, हम को गाँव से नंगे पाँव निकाला था," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

आमची विमान कंपनी छोटी, पण हाव मोठी. दुबईत अल क्वोजला टायरच्या गोदामावर ऑफिस, आणि भिंतीवरच्या नकाशात दर थोड्या दिवसांनी एक नवा लाल ठिपका. त्या ठिपक्यावर विमान भरेल की रिकामं उडेल, याचा अंदाज बांधणं माझं काम. उत्तर इराकमधल्या एर्बिलचा ठिपका लागला तेव्हा काकांना माझ्या शेजारी आणून बसवलं. कुर्दी, अरबी, तुर्की आणि दुबईत कमावलेली हिंदी, एवढ्या भाषा त्यांना येत होत्या.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला काका म्हण." माझ्याहून जेमतेम पाचसहा वर्षांनी मोठा माणूस! म्हटलं, म्हातारं म्हणवून घ्यायची हौस आहे. बरेच दिवसांनी ते इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरी जेवायला आले, आणि माझ्या मुलीनेही त्यांना काका म्हटलं तेव्हा गडबडून गेले. कुर्दीत काका म्हणजे मोठा भाऊ. इतके दिवस मी त्यांना दादा म्हणून हाक मारतेय, असं ते समजत होते. मुलीला म्हणाले, "तू मामो म्हण." त्यांच्याकडे मामो म्हणजे बापाचा भाऊ. मुलगी म्हणाली, "Mamma, so he's my mama or my kaka?" माझा भाऊ तो तिचा मामाच, नातं बरोबर बसलं. त्या दिवसापासून मला खरोखरच भाऊ झाला.

काकांच्या बोलण्यात भीती कायम असायची, पण ते ती चहात साखर घालावी तशी सहज घालायचे. "डरना भी ड्यूटी है, बहेन," हे पालुपद. आमच्या संगणकाला जे कळत नसे ते त्यांना त्या भीतीतून कळे. तेलाच्या पैशावरून बगदादचं आणि कुर्दांच्या सरकारचं बिनसलं, की ते खुर्चीतून मान वर करून सांगायचे, "बगदादने पगार थांबवले. आता आमची माणसं आधी मिठाई बंद करतील, मग विमान." आणि पुढच्या महिन्यात एर्बिलच्या सीटा रिकाम्या. साहेब मला शाबासकी द्यायचे, मी ती काकांकडे सरकवायची. त्यांना तिचा आनंद नसायचा. ज्यांचे पगार थांबले त्यांत त्यांचीच माणसं होती.

ग्राउंड स्टाफचं बघणारा जासिम आमच्याच खोलीत समोर बसायचा. तोही इराकी, अरब, तरणाबांड, जोरात हसणारा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी दोघांना विचारलं, तुमचं गाव नेमकं कुठे? काकांनी माझ्या स्क्रीनवर किर्कुकच्या बाजूला बोट ठेवलं, "कानी शीन." जासिमने वाकून बघितलं. त्याचं बोट त्याच जागी टेकलं. तो म्हणाला, "अल नसर." मराठी माणसाला परदेशात गावचं माणूस भेटलं की काय होतं, ते मी सांगायला नको. "अरे वा! तुम्ही तर गाववाले!" म्हणून मी टाळी वाजवली आणि खाली टपरीवर सगळ्यांसाठी करक चहा सांगितला. चहा आला. दोघांनी तो एकमेकांकडे न बघता प्यायला.

जिन्यात गाठून काकांनी मला समजावलं. ते लहान असताना तेव्हाच्या सरकारने कुर्दांना ट्रकमध्ये घालून गावाबाहेर काढलं आणि दक्षिणेतल्या अरबांना जमिनी देऊन तिथे वसवलं. गावाचं नावही बदललं. जासिम काकांच्याच रिकाम्या केलेल्या घरात जन्मला. सरकार पडल्यावर काकांचा थोरला भाऊ हेमन परतला. आता हेमन आणि जासिमच्या घरचे, दोघांकडे जमिनीचे कागद आहेत, दोघांचेही खरे आहेत, आणि दोघंही त्याच जमिनीवर गहू पेरतात. "जासिमची काय चूक?" काका म्हणाले. "तो तर तिथेच रांगला. पण आमच्या आजोबांची कबरही तिथेच आहे. सांग, कोणाला उठवायचं?"

मे महिना उजाडला की दोघांची तोंडं बंद व्हायची. गहू पिकलेला असायचा. कोणी आधी कापायचा यावरून दरवर्षी तंटा, कधी कोणीतरी उभ्या पिकाला काडी लावायचं. त्या वर्षी जेवणानंतर काकांचा फोन वाजला, ते बुटांसाठी वाकले, आणि तेवढ्यात समोर जासिमचाही फोन वाजला. फोन उचलून काका कुर्दीत ओरडत होते, जासिम अरबीत. नाड्या बांधता याव्यात म्हणून काकांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. त्यातून इंजिनाची घरघर आली आणि एक लांबलचक हॉर्न. तोच हॉर्न जासिमच्या फोनमधूनही आला.

"हेमनने ट्रॅक्टर आडवा घातलाय," काका म्हणाले. "समोर याचा भाऊ हार्वेस्टर घेऊन. बगदादच्या फौजेची गाडी दिसतेय. इंजिन चालू दिसलं तर फौज विचारत नाही, बॉम्बची गाडी समजून गोळी घालते."

"मग बंद करायला सांगा ना!"

"तो म्हणतो, आधी त्याने करावं."

"माझा भाऊही तेच म्हणतो," जासिम म्हणाला.

मला काय सुचलं कोण जाणे. जासिमचा फोन ओढून तोही स्पीकरवर टाकला, काकांच्या फोनशेजारी ठेवला आणि मला येणारं सगळं अरबी, म्हणजे एक-दोन-तीन आणि बस्स, मी ओरडून टाकलं, "यल्ला! दोघं एकदम! वाहिद, इत्नेन, तलाता, खलास!" काका कुर्दीत ओरडले, जासिम अरबीत. घरघर थांबली. आधी एका फोनमधली की दुसऱ्यातली, मला सांगता येणार नाही. त्या शांततेची मला घरघरीहून जास्त भीती वाटली. मग दारं आपटल्याचे आवाज, कोणाचा तरी दरडावणारा आवाज, आणि दोन्ही फोन बंद.

गोळी सुटली नव्हती. पण फौजेने दोघांनाही धरून नेलं. जासिमच्या भावाला त्याच संध्याकाळी सोडलं, हेमनला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी काका आमच्याच विमानाने गेले. जाताना जासिमच्या टेबलाशी थांबले. जासिम उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला, काका दाराबाहेर जाईपर्यंत.

काही दिवसांनी हेमन सुटला. काका मात्र आले नाहीत. "आता जमीन मागे सोडून आलो तर पुन्हा दुसरं कोणी पेरणार," असा निरोप आला, आणि पाठोपाठ राजीनामा. गहू अजून उभाच होता, वाळून खडखडीत झालेला.

मग जासिम माझ्याकडे स्टाफ तिकीट मागायला आला. एर्बिलचं. मी विचारलं, "कधी परत येणार?"

"कापणी झाली की, इन्शाल्ला."

"कोणाची कापणी?"

त्याने नुसतं तिकीट घडी करून खिशात घातलं. मला तेव्हा भीती वाटली आणि ती अजून गेलेली नाही. जासिमची रजा केव्हाच संपली, त्याचं टेबल रिकामं आहे. काकांचा नंबर लागत नाही. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं झालं ते जासिमचं विमान उडाल्यावर.

"काका, जासिम येतोय," मी म्हटलं.

"एकटा?"

"एकटा."

"मग मीच त्याला घ्यायला एर्बिलला जातो."

"कशाला?" माझा आवाज चढला.

"रस्त्यात नाके आहेत ना. एकट्या अरबाला आमची कुर्द पोरं पुढे सोडणार नाहीत, माझ्या गाडीत असला तर सोडतील. पुढे त्यांची, बगदादची फौज. तिथे मला एकट्याला सोडणार नाहीत, तो शेजारी असला तर सोडतील."

"आणि शेतावर पोचल्यावर?"

"तिथे नाका नाही, बहेन."