धुराचा रंग आधी सांगा!

किस्से सांगायचे म्हटलं की लोक आठवायला बसतात. आमच्या गॅरेजमध्ये उलटं आहे. एक सांगून संपत नाही तोवर गेटवर दुसरा धूर सोडत उभा असतो!

मी हैदराबादच्या ऑटोनगरात एका डिझेल गॅरेजमध्ये काम करते. लॉऱ्या, टिप्पर, जुन्या बसेस. आठ-दहा लाख किलोमीटर पळालेल्या गाड्या, आणि सगळ्यांची तक्रार एकच, धूर. घरी मी मराठी बोलते, गिऱ्हाइकांशी तेलुगू आणि उस्तादांशी दखनी. उस्ताद म्हणजे आमचे हेड मिस्त्री, करीममियाँ. वय पासष्टच्या पुढे, पण माणूस एका जागी टिकत नाही. चहासुद्धा गाडीभोवती फेऱ्या मारत पितात. माझीही तीच गत. धुराचं कारण सापडेपर्यंत मला खुर्ची टोचते.

वडील जामबागेतल्या एका शाळेत क्लार्क होते. पॉलिटेक्निकला मी ऑटोमोबाइल घेतलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शिक बाई, काय शिकायचं ते. फक्त तुझा साबण वेगळा ठेव!"

*

माझा पहिलाच आठवडा. वरंगलहून मिरची आणणारी लॉरी आली. चढावर काळाकुट्ट धूर, आणि ओढ अजिबात नाही.

मी ताजी शिकलेली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. "इंजेक्टर टपकत असणार! सहाही काढून टेस्ट करू या!" लॅपटॉप उघडून मी तयार.

उस्ताद म्हणाले, "पहले नाक देख बेटा, पेट बाद में चीर."

त्यांनी एअर फिल्टर बाहेर काढला आणि जमिनीवर आपटला. तांबडा ढग उठला! वर्षभराची मिरचीची धूळ होती ती. पुढची दहा मिनिटं अख्खं गॅरेज शिंकत होतं. शेजारच्या टायरवाल्याने शटर खाली ओढलं.

नवा फिल्टर टाकला, धूर गायब. ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला, "मैं सेठ कू बोलाच था, गाडी कू जुकाम हुआ बोलके!"

*

तेव्हापासून फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, धुराचा रंग कोणता? काळा असेल तर हवा किंवा डिझेल. निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर कच्चं डिझेल, नाहीतर पाणी.

एकदा एका ड्रायव्हरने हायवेवरून फोन केला. "काला है आपा, एकदम काला!"

काळ्या धुराचं जे जे सांगता येईल ते सगळं सांगितलं. फिल्टर बघ, होस बघ, लोड किती आहे ते बघ. अर्धा तास गेला. धूर तसाच. शेवटी विचारलं, "बाजूच्या गाडीचा धूर कसा दिसतोय?"

"वो भी काला."

"आणि आकाश?"

मग तो म्हणाला, "ठैरो आपा, काला चश्मा उतारता हूँ."

*

मल्लेश नावाचा टिप्परवाला पांढरा धूर घेऊन आला. थंड इंजिन सकाळी थोडा पांढरा धूर देतं, गरम झालं की थांबतं. याचा दुपारीही थांबत नव्हता.

"रेडिएटरला पाणी किती लागतं?"

"रोज दोन बाटल्या, अक्का."

"रोज? मग एवढं पाणी जातं कुठे?"

"उन्हाळा आहे ना! आपण पितो, तशी गाडी पण पिते."

इंजिनचं हेड उघडलं. गास्केट जळून पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरत होतं. मी मल्लेशला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग उठून गंभीरपणे म्हणाला, "तरीच! हिवाळ्यातही पीत होती."

*

अफझलगंजचा एक धान्याचा व्यापारी सेकंडहँड लॉरी घेत होता. म्हणाला, "एकदा बघून द्या, मग पैसे देतो." विकणारा लॉरी घेऊन आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, गाडीला ताजा हार.

उस्तादांनी गाडी सुरू करायच्या आधी इंजिनवर हात ठेवला. "गरम है."

"आता चालवतच आणली ना!"

"तुमचं घर पुढच्या गल्लीत आहे, सेठ. एवढ्यात इंजिन इतकं गरम होतं होय?"

उस्तादांनी इंजिन सुरू केलं आणि ते चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून भकाभका धूर! पिस्टनच्या रिंगा झिजल्या की असा धूर खालून वर येतो. लपवायला त्याने इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं, ऑइलही जाड टाकलं होतं. व्यापारी दोन पावलं मागे सरकला.

विकणारा मात्र हलला नाही. हात जोडून म्हणाला, "काही नाही हो. सकाळी पूजा केली होती, अगरबत्तीचा राहिला असेल!"

*

माझी फजिती सांगितली नाही तर उस्ताद मला सोडायचे नाहीत.

एक लॉरी उभ्या उभ्या कितीही रेस केली तरी स्वच्छ. माल भरून चढावर गेली की काळा धूर. फिल्टर नवा, इंजेक्टर टेस्ट केलेले, पंप ठीक. तीन दिवस झाले. मालक रोज दोनदा यायचा, नुसता बघून जायचा. ते जास्त लागत होतं. मी जेवताना ताटाशेजारी वायरिंगचा नकाशा ठेवायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी आईने डाळीचा कुकर लावला. शिट्टी होईना, कडेने नुसती वाफ फुसफुसत होती.

"रबर फाटलंय," आई म्हणाली.

"काल तर मी धुतलं होतं! चांगलं होतं की!"

"अगं, थंड असताना कसं दिसेल? प्रेशर आलं की मग तोंड उघडतं ते."

मी तशीच पळाले. एक चप्पल माझी, एक आईची! टर्बोपासून इंजिनला हवा नेणारा रबरी होस बाहेर काढला आणि दोन हातांनी वाकवला. क्लॅम्पच्या अगदी आत बोटभर चीर. एरवी मिटलेली, हवेचा दाब आला की उघडणारी. सगळी हवा तिथूनच जात होती.

उस्तादांनी होस उलटसुलट पाहिला. "किस किताब में था ये?"

"आईच्या कुकरमध्ये."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अम्मा कू सलाम बोल. और चप्पल वापस कर!"

*

यादगिरीची लॉरी मात्र वेगळीच.

बारा लाख किलोमीटर. निळा धूर असा की मागून येणारी मोटारसायकल दिसायची नाही. प्रत्येक खेपेला ऑइलचा डबा सोबत. फिटनेसला दोनदा नापास झाली होती. मुलं म्हणत होती, भंगारात घाला. यादगिरी म्हणत होता, "हिच्यावरच तुम्ही शिकलात."

उस्तादांनी इंजिन पूर्ण उतरवलं. नवे लायनर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्हची सीलं. अकरा दिवस आम्ही दोघं त्या एका इंजिनभोवती फिरत होतो. यादगिरी बाकावर बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा.

बाराव्या दिवशी लॉरी सुरू झाली. उस्तादांची एक जुनी रीत आहे. खांद्यावर पांढरा मोठा रुमाल असतो, त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. इंजिन बांधून झालं की तो सायलेन्सरच्या मागे धरायचा, रेस द्यायला सांगायची आणि मग गिऱ्हाइकासमोर त्याच रुमालाने तोंड पुसायचं! त्या दिवशीही त्यांनी तोंड पुसलं. रुमाल पांढराच.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यादगिरी सायलेन्सरकडे बघत उभा होता. चेहरा पडलेला.

"क्या हुआ मियाँ? धुआँ होना क्या?" धूर हवाय का, असं उस्तादांनी गमतीत विचारलं.

यादगिरी बाकावर बसला. मग हळूहळू सांगू लागला. त्याचं गाव नलगोंड्याकडे. आई ऐंशीची, कानाने ठार बहिरी. हॉर्न ऐकू येत नाही, फोन उचलत नाही. दुपारभर अंगणात बसून समोरच्या टेकडीवरच्या रस्त्याकडे बघते. निळा धूर दिसला की ओळखते, पोरगा आला. उठून अन्नम, म्हणजे भात, चुलीवर ठेवते. टेकडी उतरून घरी यायला त्याला लागतो तेवढाच वेळ भाताला लागतो. वडील गेल्यापासून ती एवढ्याचसाठी उठते, तो म्हणाला.

"उस्ताद, थोडा धुआँ रख सकते क्या?"

कुणी हसलं नाही.

उस्ताद लॉरीभोवती एक फेरी मारून आले. मग दुसरी. "धूर ठेवायचं काम माझ्याकडे होत नाही," एवढंच म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात एक लांब बांबू होता. केबिनमागच्या जाळीला तो तारेने आवळून बांधला. मग खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि बांबूच्या टोकाला दोन गाठी मारल्या. "जाते ही अम्मा कू ये दिखा के रख," ते म्हणाले.

लॉरी गेली. त्यानंतर उस्तादांचा खांदा मोकळाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चार वेळा विचारलं, "फोन आया?" तिसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसते माझ्या टेबलाभोवती फिरत राहिले. माझंही कशात लक्ष लागेना.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मी स्पीकर लावला. उस्ताद टेबलाशी येऊन उभे राहिले, बहुतेक पहिल्यांदाच न हलता.

"अक्का, उस्तादांना सांगा," पलीकडून यादगिरीचा आवाज आला, "अन्नम गरम था!"