लाल ठिपक्याचे दोन कप

मुलुंडहून विलायतेला निघाले त्या सकाळी मी सासूबाईंशी भांडून निघाले. भांडण एका कपावरून झाले.

आमच्या मागच्या दाराबाहेर, कौलांच्या वळचणीखाली एक फळी आहे. तिच्यावर कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असतो. तो सुंदराचा. सुंदरा आमच्या ओळीतले टोपल्यांचे संडास साफ करते. सासूबाई तिला रोज चहा देतात, आणि मायेने देतात. पण वरून ओततात. ती पायरीखाली उकिडवी बसून पिते. मग सासूबाई वरून पाणी ओततात, ती कप विसळते आणि पुन्हा फळीवर पालथा घालते.

माझे वडील चळवळीतले. घाटकोपरच्या आमच्या खोलीत धान्याच्या डब्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरे ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरच. अशी मुलगी तो कप रोज बघत गप्प कशी बसणार? त्या सकाळी मी तो खाली काढला आणि म्हणाले, "आई, आम्ही परत येऊ तेव्हा हा इथं दिसता कामा नये."

सासूबाई आमच्यासाठी दशम्या बांधत होत्या. "आधी नीट जाऊन ये," त्या म्हणाल्या. "बोटीवर कुणाशी भांडू नकोस. आणि तो ठेव तिथं, ती येईल आता."

माधव, माझा नवरा, ट्रंकेला दोरी आवळत होता. मी त्याला नावाने हाक मारते, हे सासूबाईंचे दुसरे दुःख. तो मान वर न करता म्हणाला, "सरू, बोट सुटेल." मी कप ठेवला आणि निघाले.

माधवला उत्तर इंग्लंडातल्या एका यंत्रांच्या कारखान्यात दोन वर्षांची उमेदवारी मिळाली होती. बोटीचा प्रवास मी लिहीत नाही. एडनपर्यंत मी आडवीच होते, आणि पुढे समुद्र समुद्रासारखाच होता. पहिला धक्का बसला तो धक्क्यावर उतरल्यावर. हमाल गोरा होता.

आम्ही वाचलेल्या पत्रकांत साहेब होता, त्याच्या हातात चाबूक होता, पायाखाली आपण होतो. पाठीला बाक आलेला, पुढचे दात पडलेला साहेब कुठल्याच पत्रकात नव्हता. त्याने माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "इकडून चल, लव्ह." (ही तिकडची साधी हाक आहे. भाजीवाली आपल्याला ताई म्हणते तशी.) मी ट्रंकेचे दुसरे टोक धरायला गेले तर तो घाबरला. त्याला वाटले, त्याच्यावर माझा विश्वास नाही.

दुसरा धक्का गावात पोचल्यावर बसला. गावाचे नाव देत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्या बाई अजून तिथेच राहतात. गिरण्यांचे गाव. विटा लाल असाव्यात, पण काजळीने सगळ्या काळ्या झालेल्या. घरे एकाला एक चिकटलेली, आमच्या चाळीच आडव्या पाडल्यासारख्या. खोल्या भाड्याने देणे आहेत अशा पाट्या खिडक्यांत होत्या. आम्ही दार वाजवले की कोणीतरी ते उघडे, आमच्याकडे बघे आणि जागा नुकतीच गेली असे म्हणे. पाटी मात्र खिडकीतच राही. एका पाटीवर तर स्पष्टच लिहिले होते की काळ्या लोकांनी विचारू नये. मी ती दोनदा वाचली. माधव माझा हात धरून ओढत होता आणि मी फुटपाथवर उभी राहून आमचे पत्रक मराठीत म्हणत होते. कोणाला कळले नाही, हे नशीब.

दार उघडून आत घेतले ते मिसेस होल्टनी. बुटक्या, जाड, लाल हातांच्या, कमरेला फुलाफुलांचा एप्रन. त्यांनी माझ्या ओल्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "असे पाय घेऊन मरशील. ये आत." वरची एक खोली, खाली स्वयंपाकघरात सगळ्यांबरोबर जेवण. मिस्टर होल्ट गिरणीत होते. ते दिवसभरात जेमतेम चार शब्द बोलत आणि त्यांतले दोन हवेविषयी असत.

त्या घरात माझे डोळे रोज विस्फारायचे. मिसेस होल्ट सकाळी गुडघ्यांवर बसून स्वतःची दाराची पायरी घासत, आणि वर डाँकी स्टोनने (कडा पांढऱ्या करायचा मऊ दगड) रेघ ओढत. गल्लीतली प्रत्येक बाई तेच करी. कोणाची रेघ वाकडी गेली त्याची चर्चा दुपारपर्यंत चाले. सड्याची आणि रांगोळीची आमच्याकडे जशी चालते तशीच. अंघोळ शुक्रवारी, पत्र्याच्या टबात, शेगडीसमोर, एकामागून एक. साखर, लोणी, मांस सगळे रेशनवर. इंग्रज आमची साखर ढोसून फुगले आहेत, असे आम्हाला शिकवले होते. इथे फुगलेले कोणी दिसेना. मिसेस होल्ट चहाची पत्ती मापून टाकत आणि तीच पुन्हा उकळत.

पण खरी थक्क झाले ती एका शनिवारी. संडास अंगणाच्या टोकाला होता, मागे गल्ली, गल्लीला दार. थेट मुलुंड. मिसेस होल्ट बादली आणि ब्रश घेऊन तिकडे गेल्या, संडास घासून काढला, हात साबणाने धुतले आणि येऊन कणीक मळायला बसल्या. मी विचारले, "तुमच्याकडे ह्या कामाला कोणी येत नाही?"

"कुणी यायचं?" त्या म्हणाल्या. "घाण आमचीच आहे ना?"

मी त्या रात्रीच्या जेवणात दोन घास जास्त खाल्ले. मला त्या बाई आवडू लागल्या होत्या. आणि नेमका तेव्हाच मला तो कप दिसला.

त्या घरात कपांना निळी फुले होती. आमचे दोन कप साधे पांढरे होते. ते फडताळात वेगळ्या खिळ्यांना टांगलेले असत आणि बशा वेगळ्या रचलेल्या. एकदा मी माझा कप उलटा करून पाहिला. तळाला नखे रंगवायच्या लाल रंगाचा ठिपका. माधवचा पाहिला. त्यालाही ठिपका. मग मी लक्ष ठेवले. मिसेस होल्ट आमची भांडी सगळ्यांच्या नंतर, वेगळ्या पाण्याने घासत आणि वेगळ्या फडक्याने पुसत.

मी वर खोलीत गेले आणि दार लावले. माधव मोजे वाळत घालत होता.

"आपले कप बघितलेस?"

"बघितले."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. चहा तोच आहे ना पण?"

"तुला कशाला काय वाटेल," मी म्हणाले. "तू जन्मल्यापासून फळीवरचा कप बघतोयस."

त्याने दुसरा मोजा दोरीवर टाकला. मग म्हणाला, "सरू, किती दारं वाजवली आपण? एक उघडलं. बाहेर बर्फ आहे. तू भांडलीस तर आपण कुठे जायचं ते आधी ठरव."

ते मला ठरवता येईना. हेच मला सहन होत नव्हते. खोली गेली तर गावात दुसरी मिळणार नव्हती. खोली नाही तर उमेदवारी नाही, आणि माधवने तिच्यासाठी घर, आई, सगळे मागे टाकले होते. पण त्या कपातून मुकाट्याने प्यायले असते, तर मुलुंडच्या फळीवरच्या कपाविषयी मी पुन्हा तोंड उघडू शकले नसते. मी रविवारपर्यंत थांबले आणि मनात भाषण जुळवले. चार मुद्दे काढले होते.

रविवारी चहाला मिसेस होल्टचा भाऊ आर्थर आला. लढाईच्या काळात तो सैन्यात होता आणि कल्याणच्या बाजूला छावणीत होता. आम्ही मुलुंडचे म्हटल्यावर त्याने हसून माधवशी हात मिळवला. मिसेस होल्टनी पार्किन (ओट्सच्या पिठाचा, आले आणि काकवी घातलेला केक) कापला. मी उठले, त्यांच्यासमोरचा निळ्या फुलांचा रिकामा कप उचलला, त्यात किटलीतला चहा ओतला आणि प्यायले.

मिस्टर होल्टनी वर्तमानपत्र खाली केले. मिसेस होल्टचा चेहरा उतरला.

"अगं, तो माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी प्यायलेय त्यातून."

"म्हणूनच घेतला," मी म्हणाले.

"पण तुझा धर्म? तू बाटशील ना?"

पहिला मुद्दा माझ्या ओठांवर होता, तो तिथेच राहिला.

मग आर्थरने घसा साफ केला. "मीच सांगितलं होतं तिला," तो म्हणाला. "म्हटलं, त्यांची भांडी वेगळी ठेव. आपलं लागलेलं त्यांना चालत नाही."

"कोण म्हणालं?"

"कुणी म्हणायला कशाला हवं. उन्हाळा होता. छावणीपासून लांब गेलो होतो आणि जीभ सुकली होती. एका घरापाशी पाणी मागितलं. म्हातारी बाई होती, चांगली होती. तिनं पितळेचा पेला जमिनीवर ठेवला आणि वरून पाणी ओतलं. मी पेला तिच्या हातात द्यायला गेलो, तर ती मागे सरली. मग काठीनं तो चुलीपाशी लोटला आणि निखाऱ्यात टाकला." त्याने काठीने लोटायची नक्कल केली. "मला वाटलं, मला काही रोग दिसला की काय तिला. रात्री आरशात बघितलं मी."

माधव खाली बघत होता. मी त्या निळ्या फुलांच्या कपाकडे बघत होते. तो पेला मी स्वतः पाहिला असल्यासारखा डोळ्यांपुढे होता.

"म्हणजे," मिसेस होल्ट हळूहळू म्हणाल्या, "इतके महिने मी दोनदा भांडी घासतेय, ती उगीचच?"

"उगीचच," माधव म्हणाला.

"आर्थर, उठ," त्या म्हणाल्या. "आजची सगळी भांडी तुझ्याकडे."

मिस्टर होल्ट हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिले.

पुढे आम्ही तिथे दीड वर्ष राहिलो. मी इंग्लंडला प्रशस्तिपत्र देत नाही. कारखान्याच्या जेवणघरात माधवच्या टेबलावर शेवटपर्यंत फारसे कोणी बसले नाही, आणि खिडकीतल्या पाट्या आम्ही निघालो तेव्हाही होत्या. पण आवडलेले काय ते विचाराल, तर राजवाडे नाही, पूल नाही. थंडीत सकाळी मिसेस होल्ट धुतलेल्या पायरीवर उभ्या असत, तोंडातून वाफ येत असे, आणि हातात जो सापडेल तो कप असे. बऱ्याचदा लाल ठिपक्याचा. निघताना त्यांनी तेच दोन कप वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. "तुझ्या सासूला दाखव," म्हणाल्या, "आणि सांग, मी कशी मूर्ख बाई आहे."

मुलुंडला आलो. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, दोन्ही कप हातात घेऊन पाहिले आणि तळाचा ठिपका त्यांना लगेच दिसला. माधवने सांगायला सुरुवात केली. आमच्यासाठी हे वेगळे ठेवले होते, इथवर तो आला, आणि पुढचे त्यांनी ऐकलेच नाही.

"तुम्हाला वेगळे? आपल्याला?"

"आई, पुढं ऐक तरी."

"काय ऐकायचंय? माझ्या मुलाला वेगळा कप? रोज अंघोळ करणाऱ्या माणसाला? आणि त्या बाया स्वतः आठवड्यानं अंग धुतात, असं तूच लिहिलं होतंस ना?"

त्यांचा जीव कळवळला होता. आठवडाभर त्या शेजारणींना तेच सांगत होत्या. शेजारणी तोंडाला पदर लावत होत्या. मी पुढचे सांगायला गेले की म्हणत, "तू गप्प. तुला लाजच नाही, तू प्यायलीस."

मागच्या फळीवर कान तुटलेला कप पालथा होता.

मग एके सकाळी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि मागच्या दारी सासूबाईंचा आवाज ऐकला. सुंदरा पायरीखाली बसली होती. सासूबाई तिच्या कपात वरून चहा ओतत होत्या आणि सांगत होत्या, "वेगळा कप गं सुंदरा. लाल खूण करून ठेवलेला. माझ्या माधवला."

सुंदराने चहाचा घोट घेतला. "काय सांगता आई," ती म्हणाली. "दादानं तिचं काय घाण केलं व्हतं?"

"तेच म्हणते मी."

"मानसाला असं करत्यात व्हय कुनी?"

"तुला कळतं, त्या मडमेला कळलं नाही बघ."

सुंदराचा चहा संपला. सासूबाईंनी वरून पाणी ओतले, तिने कप विसळला आणि फळीकडे हात केला. मी किटली घेऊन बाहेर आले. तिच्या हातातून कप घेतला, त्यात चहा ओतला आणि तिच्याशेजारी पायरीखाली बसले.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "ती प्यायलीय त्यातून."

"म्हणूनच घेतला."

सुंदरा उठायला लागली. मी तिला बसवले आणि आर्थरची गोष्ट सांगितली. उन्हाळा, पितळेचा पेला, काठी, निखारे. ह्या वेळी सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. सुंदरा जमिनीकडे बघत होती. सासूबाई बराच वेळ दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"पाण्याला नाही म्हणाली नाही ना ती म्हातारी?" त्यांनी शेवटी विचारले.

सुंदराने पदराने तोंड पुसले. "न्हाई," ती म्हणाली. "पानी तर रोजच देत्यात, आई."

सासूबाई आत गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी चहा गाळताना त्यांनी कप मांडले आणि माझ्याकडे न बघता विचारले, "तुझा कुठला?"

मी फळीकडे बोट दाखवले. त्यांनी तो काढला, घरातल्या नळाखाली धुतला आणि घरातल्या कपांच्या रांगेत ठेवला. सुंदरा आली तेव्हा तिला लाल ठिपक्याचा कप मिळाला. चहा अजून वरून येतो, आणि लाल ठिपक्याचा कप अजून फळीवर पालथा पडतो. त्यावरून आमचे रोज भांडण होते, आणि होत राहील.

विलायतेहून काय आणलेस, असे मुलुंडच्या बायका अजून विचारतात. मी त्यांना कान तुटलेल्या कपातून चहा देते.