एकूण दाब दोन

फळ्यावर अभिक्रिया लिहिली, की मॅडम आधी त्यातल्या घन पदार्थावर तळहात ठेवायच्या. पार झाकून टाकायच्या त्याला. मग वर्गाकडे वळून विचारायच्या, "आता सांगा, डब्यात दाब देऊन राह्यलं कोन?"

पोरं वायूंची नावं ओरडायची. दिवसभर मॅडमच्या पदरावर खडूचे पांढरे पंजे असायचे.

वाशीमच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायच्या. मी कायम नोकरीत, वर विभागप्रमुख. त्या रोज शिरपूरहून एसटीनं यायच्या. जूनमध्ये संस्थेनं पुन्हा बोलावलं तरच पुढचं वर्ष. दर उन्हाळ्यात जीव टांगणीला लागलेलं असं कुणी तुमच्याही ओळखीत असेल.

समतोलाचं गणित दाबांवरून सोडवताना पोरं हमखास एकूण दाबच सूत्रात टाकतात. मॅडम सांगायच्या, "एकूण दाब म्हंजे साऱ्या घराचा गलका. त्यात सासूचा किती, सुनेचा किती, हे वायलं काढा पैले."

मलाही त्या सोडायच्या नाहीत. बैठकीत मी तोंड उघडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "सर तर घन पदार्थ. डब्यात असतात, पन दाबात धरत नाही कोनी." सगळे हसायचे. मीही हसायचो.

सराव परीक्षेतून आम्ही प्रवेश परीक्षेच्या मोफत शिकवणीची तुकडी निवडायचो. तिची उत्तरसूची तपासायची आमची रीत अशी: चहा घेता घेता काढणाऱ्यानं उत्तरं मोठ्यानं वाचायची, तपासणाऱ्यानं 'हं' म्हणायचं. त्या वेळी सूची मी काढली होती, तपासायला मॅडम होत्या.

बंद डब्यात घन अमोनियम हायड्रोसल्फाइड. त्याचे दोन वायू झाले, दोघे सारखेच. एकूण दाब दोन. स्थिरांक, म्हणजे दोघांच्या दाबांचा गुणाकार, किती? मी वाचलं, "चार."

'हं' आला नाही.

"सर, दोघांचा मिळून दोन ना? मंग एकाचा एक. एक गुणिले एक."

संस्थेच्या सचिवांना सूची त्याच दुपारी हवी होती. आणि खरं सांगतो, मॅडमनी मला अडवलेलं मला रुचलं नव्हतं. "मी बघतो मॅडम. पुढे चला."

"हं," त्या म्हणाल्या.

मी बघितलं नाही.

निकाल लागला आणि किन्हीराजाहून एका मुलीचे वडील आले. मुलीनं 'एक' लिहिलं होतं आणि त्या एकाच प्रश्नानं तिची तुकडी हुकली होती. "माह्या पोरीचं उत्तर बरोबर हाये, दुसऱ्या मास्तरले दाखवून आलो मी. मंग मार्क कायले कापले?"

सचिवांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. "ही सूची तपासली कोनं?"

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. त्या नजरेत राग नव्हता. मी बोलेन याची त्या वाट पाहत होत्या.

"मॅडमनी," मी म्हणालो.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते मी गिळलं. मॅडम पदरावरचा खडू झटकू लागल्या. विभागप्रमुखापुढे तासिकावालीचं ऐकणार कोण?

सचिवांनी त्या मुलीला तुकडीत घेतलं. "बोभाटा नको," म्हणून बाकीचा निकाल तसाच ठेवला.

व्हरांड्यात मॅडम एवढंच म्हणाल्या, "खोटं नाही बोलले तुमी, सर. निस्तं अर्धं बोलले."

जूनमध्ये त्यांना बोलावणं गेलं नाही. मीही विचारलं नाही.

यंदा सचिवांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. ते कंटाळून म्हणाले, "नवीन मॅडम रुजू झाल्या, सर. आता काहून उकरून राह्यले?"

बाहेर येऊन मी फोन लावला.

"मॅडम, सांगितलं मी. तुम्ही चूक पकडली होती, मीच ऐकलं नाही, सगळं."

"कोनाले सांगितलं?"

"सचिवांना."

पलीकडे बसस्थानकावरची घोषणा चालू होती.

"अन् पोरांले?"

'चार' लिहून गुण घेतलेली पोरं केव्हाच बारावी होऊन पांगली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"एकूण दाबच टाकून राह्यले असतील थे अजून," मॅडम म्हणाल्या. मग घाईघाईनं, "बरं सर, माही गाडी लागली," आणि फोन बंद झाला.

त्या कुठं निघाल्या होत्या, आता शिकवतात की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.