दुपारी एकचे आकडे

त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर वर कळवावं लागलं असतं.

भोपाळबाहेरच्या त्या सबस्टेशनला आणखी एक सोलर प्रकल्प जोडता येईल, असा अहवाल मी नेहरू नगरच्या ऑफिसात बसून पाठवला होता. जागा बघायला गेले ती त्यानंतर.

तिथला ऑपरेटर ग्वाल्हेरकडचा मराठी निघाला. पन्नाशीचा, अबोल. यार्डात शिरण्याआधी त्याने घड्याळ आणि अंगठी काढून खिशात ठेवली, फाटक सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून वीट लावली. ट्रान्सफॉर्मरसमोर उभा राहिला तरी त्याचा एक पाय फाटकाकडेच वळलेला होता.

"याच्यावरच्या भाराचे आकडे दर तासाला लिहिता ना?" मी विचारलं. माझा सगळा अहवाल त्याच आकड्यांवर उभा आहे, हेही त्याला सांगितलं.

"लिहितो की, ताई. फक्त दुपारी एकचे अकरालाच भरून ठेवतो. ऊन चढलं, की आसपासच्या सोलरची सगळी वीज याच्यावरच येते. मग हा असा गुरगुरतो, की जवळ यायला डर लागतो."

त्याच्यावर रागवायला मला तोंड नव्हतं. मी तर इथे न येताच सही केली होती. पावणेएक झाले होते. घरघर वाढत चालली होती, चपलांतून तळव्यांना जाणवत होती.

"तुम्ही कितीचे आकडे धरलेत?" त्याने हळूच विचारलं.

"एकचे."

तो बाजूला सरकला आणि फाटकाकडची वाट त्याने माझ्यासाठी मोकळी केली.