जोतिबाची माहिती आणि बनुबाईचा कावळा

जोतिबा घार्ग्याला जगातलं सगळं ठाऊक होतं, एवढं सांगितलं की कडेगावच्या बाजूला त्याची ओळख पुरी व्हायची. सांगणाऱ्याच्या तोंडावर हसू असायचं, हेही आधीच सांगून टाकलेलं बरं. गावानं त्याचं नाव 'आकाशवाणी' ठेवलं होतं. रेडिओ बोलतो, त्याला कान नसतात, म्हणून. जोतिबाला मात्र त्या नावात आपला मान दिसायचा. माणसाला मान कशात दिसेल याचा काही नेम नाही.

हा नाद त्याला फौजेत लागला. तो रेशनच्या स्टोअरमध्ये होता. डोंगरातल्या ठाण्यावर बर्फ पडलं की खालून काही वर यायचं नाही, आणि वाचायला म्हणून सामानाभोवती गुंडाळून आलेले जुने पेपर तेवढे असायचे. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, हे त्याला अशाच एका चुरगळलेल्या कागदावर सापडलं. त्या दिवशी त्याला झालेला आनंद खरा होता, त्याची थट्टा करायची नाही. कुणी नोकरीसाठी शिकतं, कुणी परीक्षेसाठी. हा गडी नुसत्या नवलापोटी शिकला. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं, काजव्याचा उजेड गार का असतो, ऊस म्हणजे मुळात गवतच कसं, हे सगळं त्यानं गोळा केलं. वही नाही, पाटी नाही, सगळं डोक्यात. आणि ऐकीव गोष्ट दोघातिघांना विचारून खात्री केल्याशिवाय तो पुढं सांगायचा नाही. खोटारडा तो नव्हता.

पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात त्याचा दरबार भरायचा. चहा पीत माणसं त्याला मुद्दाम काडी लावायची. "आकाशवाणी, आज काय इशेष?" म्हटलं की जोतिबा फुलायचा. एकदा त्यानं सांगितलं, झुरळाचं डोकं तुटलं तरी ते काही दिवस जगतं. लगेच मागून एकजण म्हणाला, "मग तुझं बी लय दिस चाललंय की गड्या!" सगळं हॉटेल हसलं. जोतिबाही हसला, आणि हशा ओसरल्यावर त्यानं झुरळ श्वास कुठून घेतं तेही सांगितलं.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. शहामृगाचा डोळा बघायला आता जोतिबा लागेना. हॉटेलात गेला की माणसं मान खाली घालून बोटं फिरवत बसलेली. हा बोलायला लागला की कुणीतरी मोबाईलचा आवाज वाढवायचं. दरबार मोडला. मग तो सगळा माल घेऊन जोतिबा घरी यायला लागला, आणि घरात होती एकटी बनुबाई.

बनुबाई त्याची बायको. बारीक अंगाची, कामसू, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत ऐकू जायचा नाही. लेक अंकिता लग्न होऊन साताऱ्याला गेलेली, जावई तिथल्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात. तेव्हा चुलीपाशी, गोठ्यात, ताटावर, अंथरुणावर जोतिबाचं सांगणं ऐकायला बनुबाईशिवाय कोण होतं? ती भाकरी थापायची आणि तो सांगायचा, केळीचं झाड हे झाडच नव्हे, नुसती पानांची गुंडाळी. ती भांडी घासायची आणि तो सांगायचा, डासांत चावते ती मादीच. बनुबाई मान हलवायची. त्या मान हलवण्याला जोतिबा नवल समजला. आपल्या बायकोएवढं माहितीची गोडी असलेलं माणूस तालुक्यात नाही, असं तो अभिमानानं सांगायचा. अडाणी आहे, पण ऐकून ऐकून हुशार झाली, म्हणायचा.

माणूस बायकोवर हात उगारत नाही, दारू पीत नाही, पेन्शन घरात देतो, मग त्याला वाईट कोण म्हणणार? बनुबाईच्या माहेरीही कुणी म्हणालं नाही. तिचा भाऊ अर्जुना तर म्हणायचा, अक्कानं नशीब काढलं.

गेल्या उन्हाळ्यात बनुबाईचं पोट दुखायला लागलं. इथं दाखव, तिथं दाखव करत शेवटी मिरजेच्या दवाखान्यात नेली. काविळीनं डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. डॉक्टरांनी अर्जुनाला बाजूला घेऊन सांगितलं, यकृत गेलंय, फार दिवस नाहीत. अर्जुनानं ते जोतिबाला सांगितलं. जोतिबा आत जाऊन बायकोच्या उशाशी बसला आणि तिला सांगायला लागला की यकृत हा एक अवयव असा आहे, अर्धा कापला तरी परत वाढतो.

तो घाबरला होता. घाबरल्यावर दुसरा माणूस देवाचं नाव घेतो, जोतिबा माहिती द्यायचा. पण हे त्याच्या पोटातलं. बाहेर दिसायचं ते इतकंच, की बाई कण्हते आहे आणि नवरा बोलतो आहे.

दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलं. घरी आणल्यावर दोन दिवस ती डोळे मिटूनच होती. अंकिता साताऱ्याहून आली आणि आईचे पाय चेपत बसली. जोतिबा उशाशी. त्याला एक गोष्ट ठाऊक होती: माणूस जाताना बाकी सगळं आधी बंद होतं, ऐकू येणं शेवटी, असं म्हणतात. म्हणून त्यानं तोंड बायकोच्या कानाशी नेलं आणि बोलत राहिला. मधमाशी, समुद्राचं पाणी, तीन काळजांचा ऑक्टोपस. जे जे तिला आवडतं असं त्याला वाटत होतं, ते सगळं.

"आप्पा, वाईच गप बसा," अंकिता म्हणाली.

"आगं, तिला ऐकू येतंय. शेवटापत्तुर येतंय."

"म्हणूनच म्हणते, गप बसा."

जोतिबाला ते कळलं नाही. लेक दमली आहे, असं त्याला वाटलं. बनुबाईनं मान किंचित भिंतीकडं वळवली आणि थोड्या वेळानं ती गेली. जोतिबाचं ऑक्टोपसचं सांगणं अजून अर्धंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी रक्षाविसर्जन. भावकी, माहेरची माणसं, बायाबापड्या सगळी जमली. राख पाण्यात सोडली आणि जागा सारवून पानावर नैवेद्य ठेवला. भात, दही, पुरणपोळी, चहाचा कप. माणसं मागं सरकून उभी राहिली आणि बाभळीकडं बघायला लागली. आमच्याकडं हे असंच. कावळा शिवला की गेलेलं माणूस सुखानं गेलं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिली.

बाभळीवर कावळे होते. चार-पाच तरी होते. पण एकही खाली उतरेना.

कुणीतरी दोन शब्द श्रद्धांजलीचे बोललं. तरीही नाही. ऊन वर यायला लागलं. ज्यांच्या उसाला तोड आली होती ती माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी अर्जुनानं विचारलं, "दाजी, अक्काला खायला काय आवडायचं? ते ठिवू."

जोतिबानं पानाकडं पाहिलं. पुरणपोळी त्याला स्वतःला आवडायची. बनुबाई ताटात काय वाढून घ्यायची, हे त्यानं आठवून पाहिलं, तर तिचं ताटच त्याला आठवेना. तो जेवून उठल्यावर ती बसायची.

"समदंच खायाची ती," तो म्हणाला.

"समदं म्हंजी काय, दाजी? एक नाव घ्या की."

शेजारची राहीबाई बायांच्या घोळक्यातून म्हणाली, "भडंग. तिला भडंग लय आवडायचं. माझ्या सोप्यात बसून खायाची."

"तुमच्या सोप्यात का? घरात का न्हाई?" अर्जुनानं विचारलं.

राहीबाईनं पदर तोंडाला लावला. मयताचं ठिकाण, सांगू की नको असं तिला झालं असावं, पण सांगितल्याशिवाय ती राहिली नाही. "घरात खाल्लं की चुरमुरा कसा फुलतो ते ऐकाय लागतं, म्हणायची."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते दाबता दाबता दुसऱ्याला आलं, आणि बघता बघता मागची सगळी रांग खांदे हलवत हसायला लागली. बायकोची राख पाण्यात सोडून अजून हात वाळले नव्हते आणि गाव जोतिबाला हसत होतं. आजवर तो अशा हशात सामील व्हायचा. आज त्याला ते जमलं नाही.

एक जण मोटारसायकलवरून जाऊन भडंगाची पुडी घेऊन आला. पानावर भडंग पडलं. कावळे फांदीवर सरकले, माना वाकड्या करून बघायला लागले, आणि बसून राहिले.

"इच्छा ऱ्हायलीय बाईची," म्हातारी माणसं म्हणाली. मग अर्जुना पुढं झाला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "अक्का, दाजींची काळजी करू नगंस. आमी हाय त्यांच्या मागं." कावळ्यांतला एक उडाला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

आता सगळ्यांनी जोतिबाकडं पाहिलं. नवरा तोच. तिच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक असणार. त्यानं एक गोष्ट बोलायची, वचन द्यायचं, आणि बाईला सोडवायचं.

जोतिबानं आठवायला सुरुवात केली. जगातल्या कुठल्या कुठल्या गोष्टी आठवणारा माणूस तो. आता घाम फुटेपर्यंत आठवत राहिला. तिला कुठं जायचं होतं? काय घ्यायचं होतं? कुणाला भेटायचं होतं? एकच आठवलं. मिरजेत दवाखान्याच्या खिडकीशी ती टेकून बसली होती आणि म्हणाली होती, "आवं, एक सांगू का? माझ्या मनात..." तेव्हाच खालच्या रस्त्यानं एक जण तंबोरा घेऊन चालला होता. जोतिबा म्हणाला होता, "थांब, ते बघ. तंबोऱ्याचा भोपळा आपला भाजीचा न्हवं बरं का." आणि भोपळा कसा वाळवतात, कसा कापतात, तार कशी लावतात, हे सगळं त्यानं तिला सांगितलं होतं. ते संपेपर्यंत नर्स आली. बनुबाईनं तो विषय परत काढला नाही आणि त्यानं विचारलं नाही.

तिच्या मनात होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. काय होतं ते आता जगातला कुठलाच कागद सांगणार नव्हता.

"बोला की आवं," कुणीतरी म्हणालं. "उनं झाली."

जोतिबाला काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि त्याच्याजवळ जे होतं तेच तोंडून आलं. "कावळा माणसाचा चेहरा ध्यानात ठेवतो. एवढी गर्दी बघून त्यो बिचकतोय. आपण समद्यांनी जरा..."

"आवं आकाशवाणी, आज तर बंद ठिवा!" मागून आवाज आला. या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं जोतिबाला वाटलं.

तेव्हा अंकिता पुढं आली. लेक आता बापाला सांभाळायचं वचन देणार, असं सगळ्यांना वाटलं. जोतिबालाही वाटलं. त्याला तेवढंच हवं होतं. गावानं हसावं, मेहुण्यानं दोष द्यावा, पण लेकीनं एकदा म्हणावं, आप्पाला मी बघते, आई. म्हणजे आपण बनुबाईचे कुणीतरी होतो, एवढं तरी चारचौघांत ठरलं असतं. त्यानं लेकीकडं आशेनं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

पानापुढं उकिडवी बसून ती एखाद्या लेकराला सांगावं तशी हळू बोलली, पण सगळे इतके गप्प होते की शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"आई, जा आता. आता तुला कुणी काय सांगणार न्हाई."

ती उठून मागं येते न येते तोच बाभळीवरून कावळा उतरला. त्याच्या मागोमाग दुसरा. दोघांनी मिळून भडंगात चोची मारल्या, पोळीचा तुकडा ओढला, आणि बाकीचेही काव काव करत खाली आले.

"शिवला! शिवला!" माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बायांनी डोळे पुसले. राहीबाईनं हात जोडून "गेली गं बाय सुखानं" म्हटलं. बघता बघता ओढ्याकाठी मोटारसायकली सुरू व्हायला लागल्या. अंकिता नवऱ्याच्या मागं बसली आणि बापाला न सांगताच निघाली.

जोतिबा जागचा हलला नाही. कावळा का उतरला, याची चार कारणं त्याला देता आली असती. गर्दी गप्प झाली होती, लेक मागं सरली होती, पाखरं भुकेली होती. कावळा शिवणं हा सगळा खुळेपणा आहे असं तो जन्मभर सांगत आला होता, आणि ते पटवून देणारी सगळी माहिती त्याच्याजवळ होती. त्या माहितीतली एकसुद्धा गोष्ट त्याला आता खरी वाटेना. बनुबाई गेली होती, आणि कशापासून गेली होती ते सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

अर्जुना त्याच्या खांद्याला धरून न्यायला आला.

"इतक्या लवकर गेली, अर्जुना?" जोतिबा म्हणाला. "वाईच बी थांबली न्हाई?"

अर्जुनानं पानाकडं पाहिलं. तिथं आता काही उरलं नव्हतं.

"आता तरी जाऊ द्या की तिला, दाजी," तो म्हणाला, आणि चालायला लागला.