शेळ्यांनी पुसलेली रेघ

मोटारीने माणूस पाडला की मोटारीच्या मालकाने सगळ्यात आधी कोणाला वाचवायचं असतं, सांगता येईल?

पडलेल्याला, असं म्हणाल तर तुम्ही आमच्या मुलखात मोटारीने फिरलेले नाही.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायच्या. शहाद्याचा बाजार करून मी म्हसावदच्या बाजूला माझ्या शाळेवर परत निघालो होतो. मोटारीत मागे मी आणि सरकीची पोती. चालवत होता खुद्द मालक, तापीकाठचा मोठा कापूसवाला. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणायचो. आता गोष्टीपुरतंच म्हणतो.

समोरून सातपुड्यातल्या एका पावरा आदिवासीची बैलगाडी येत होती. आपल्या डाव्या अंगाने, सावकाश. आबा मान मागे वळवून, शाळेमुळे शेतावर मजूर कसे मिळेनासे झालेत ते मला सुनावत होते. मोटार रस्ता ओलांडून थेट गाडीवर गेली. एक बैल जागीच मेला. गाडीवान जुवाखाली सापडला, मांडी मोडून.

आम्ही दोघांनी त्याला ओढून बाजूला घेतलं. रस्ता कच्चा, वीतभर धूळ. तिच्यात टायरची रेघ लख्ख उमटली होती: आमच्या बाजूने निघालेली, रस्ता कापून त्याच्या बाजूला गेलेली. पहिलीतल्या पोरालाही वाचता आली असती. आबांनी ती वाचली. मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ झाला.

"मास्तर, तुम्ही शिकेल माणूस. पानी आना बरं. नही तं मरी जाई हाऊ गरीब."

मोटारीत पाणी ओतायचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. विहीर दोन शेतं पलीकडे. मी धावत सुटलो. माझ्या पिशवीत तेव्हा चळवळीची पत्रकं असायची. त्यांत सरकार होतं, जमीनदार होता, सावकार होता. माणुसकीच्या नावाने साक्षीदाराला पाण्याला पाठवणारा त्यांत कुठे नव्हता.

परत येताना बांधावरूनच ऐकू आलं. शेळ्या घेऊन घरी चाललेला एक म्हातारा गुराखी, आज नाल्याऐवजी सडकेने का, असं आबांना विचारत होता, "मी तं रोज नालामातीन जास, आबा. आज सडकवरतीन काब्र?"

"तुले सांगं ते कर. मोटारना आजूबाजूले फिराव जरा."

मी पोचलो तेव्हा आबांनी मोटार मागे घेऊन आपल्या बाजूला लावलेली होती आणि साठ-सत्तर शेळ्या तिच्याभोवती, सगळ्या रस्त्यावर फिरून पुढे गेल्या होत्या. गाडीवान पाणी प्यायला. रस्ता कोरा.

पोलीस पाटील आले. मी ओरडून रेघेची हकीकत सांगितली. पाटील वाकले, डोळे बारीक केले.

"कोठे शे रेघ? माले तं बकऱ्यास्ना खुरच दखातस. का हो मास्तर, बकऱ्या मोटार चालाडी ऱ्हायन्यात का?"

आबा हसले. गाडीवान पावरीत काही सांगत होता आणि पुन्हा पुन्हा डावा हात वर करत होता. मी डाव्या बाजूला होतो, एवढंच तो सांगत होता. पाटील म्हणाले, "हात तं धड शे याना," आणि 'हातास इजा नाही' असं लिहिलं. गाडी रस्त्याच्या मधोमध होती, गाडीवान झोपेत होता, असंही लिहिलं. मग सगळं पुस्तकी मराठीत वाचून दाखवलं. त्या बोलीतला एक शब्द त्याला कळत नव्हता. तो मान हलवत गेला. अंगठा घेतला. मी सही केली नाही. माझ्यावाचून पंचनामा अडला नाही.

खटला त्याच्यावरच झाला. मी साक्ष दिली. आबांच्या वकिलाने एकच विचारलं: "रेघ किती हात लांब होती?"

"मोजली नाही."

"बरोबर. तुम्ही पाण्याला गेला होता."

कोर्ट हसलं. गाडीवानाला एक महिना कैद झाली. काठी टेकत तो माझ्यासमोरून गेला आणि जाताना मला रामराम केला. पाणी दिलं होतं ना मी! तो रामराम मला अजून शिवीसारखा लागतो.

म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या तुमच्या डोळ्यांदेखत मोटार कोणावर गेली आणि मालकाने हात जोडून तुम्हाला पाण्याला पिटाळलं, तर डबा त्याच्याच हातात परत द्या. विहिरीवर त्याला पाठवा. तुम्ही त्या रेघेवर उभे राहा, वाटसरूंना हाका मारा, दगड मांडून घ्या, पावलांनी मोजा. आणि शेळ्या आल्या तरी बाजूला होऊ नका.